जुळवलेला रंग

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस भोपाळला अक्काकडे राहून आलो. बेळगावात गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता थेट भोपाळला उतरता येते, त्यामुळे माझ्यासारख्या प्रवासाचा कंटाळा असलेल्या माणसालाही सबब सांगायला जागा राहत नाही. अक्काचे घर शाहपुऱ्यात, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी तळ्याकाठी फेरी मारावी, ऊन तापले की पडदे ओढून वाचत पडावे, असा साधा बेत होता. पण त्या पंधरा दिवसांतले निम्मे दिवस मी दाजींच्या घरापुढच्या पोर्चमध्ये, एका जुन्या मोटारीच्या बैठकांशेजारी स्टूल टाकून काढले. मोटारीतले मला काही कळत नाही. सायकलची उतरलेली चेनसुद्धा मला नीट बसवता येत नाही, हे माझे विद्यार्थी आनंदाने सांगतील. पण तिथे जो वाद झाला तो मोटारीचा नव्हता, आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मोटार दाजींच्या वडिलांची. त्यांना घरात सगळे नाना म्हणत. नाना नागपूरला सचिवालयात नोकरीला होते. ज्या १ नोव्हेंबर १९५६ ला आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपणही गेले. नागपूर मुंबई राज्यात आले आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली. नानांसारखी कितीतरी मराठी माणसे तेव्हा फायलींबरोबर भोपाळला गेली आणि तिथलीच झाली. आपल्याकडे त्या तारखेची आठवण काय आहे ते वाचकांना सांगायला नको. पण तिकडेही ती तारीख कुणाच्या तरी घरात अशी बसलेली आहे, हे मला अक्काचे लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हते. असो. नाना भोपाळला आले ते आदल्या वर्षी नागपुरात एका बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून घेतलेल्या काळ्या ऑस्टिनमधून. ऑस्टिन ए-४०, चार दारांची, जिला डेव्हन म्हणत. मद्रासच्या अशोक मोटर्सने १९४९ पासून ही मोटार विलायती भागांतून इथे जोडायला घेतली होती. पुढे तीच कंपनी अशोक लेलँड झाली, म्हणजे आज आपण ज्या ट्रकांमागे धूळ खात असतो त्यांची ही थोरली बहीण.

नाना २००३ मध्ये गेले. तेव्हापासून मोटार ताडपत्रीखाली उभी होती. दाजी निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हाती घेतली. इंजिन झाले, ब्रेक झाले, पत्र्याचे काम झाले. मी गेलो तेव्हा बैठका उरल्या होत्या. त्या काळच्या विलायती मोटारींत जिथे माणसाचे अंग टेकते तेवढ्यालाच खरे कातडे लावीत आणि बाजूंना, पाठीमागे, जिथे नुसती नजर जाते तिथे रेक्झिन. इंग्रजाचा हिशेब! कातड्याचा रंग मरून. निदान तसा तो एकेकाळी होता.

काम करायला जहांगीराबादहून एक उस्ताद येत. वय पासष्टीच्या आसपास, बोलणे थोडे, आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी अंगठ्याने कातडे दाबून पाहण्याची सवय. बैठका सोडवून त्यांनी एका बाजेवर मांडल्या. सौम्य साबणाच्या फेसाने मऊ ब्रश फिरवून आधी पंचाहत्तर वर्षांचा मळ काढला. मग कापसाला थिनर लावून जुना थर पुसायला घेतला, तर कापूस लाल होऊन आला. मी घाबरलो. म्हटले, रंग निघाला की हो! ते हसले. म्हणाले, मोटारीच्या कातड्याचा रंग आत मुरलेला नसतोच, वर बसवलेला असतो. पहिल्या दिवसापासून तो रंगच आहे.

मला हे नवे होते. मी अथणी भागात सात वर्षे नोकरी केली आहे. तिथल्या चपला करणाऱ्या घरांतली मुले माझ्या वर्गात होती, आणि त्यांच्या अंगणात बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कातडे मुरत पडलेले मी पाहिले आहे. ते कातडे आरपार एकाच रंगाचे असते. कापा, घासा, रंग तोच. तेल पाजत गेले की तेच गडद होत जाते. मोटारीचे कातडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले, त्याचा स्वतःचा रंग फिकट निळसर, आणि वर रंगाचा पातळ पापुद्रा. मी पायातली चप्पल काढून उस्तादांना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन वाकवली, नाकाशी नेली, आणि काही न बोलता आदराने परत खाली ठेवली. एवढा मान माझ्या पदवीला कुणी दिलेला मला आठवत नाही.

मग तेल लावून कातडे दोन दिवस चादरीखाली झाकून ठेवले. भेगांमध्ये रबरासारखी वाकणारी लांबी भरली, बारीक पॉलिशपेपरने घासली. आणि मग खरा प्रश्न आला : रंग कोणता द्यायचा?

बैठकीच्या वरच्या बाजूला, जिथे ऊन पडत आले, तिथे रंग विटून जुन्या कौलासारखा झाला होता. दरवाजाच्या आतल्या बाजूला तो त्याहून गडद. आणि बैठक उलटी केल्यावर, जिथे कातडे चौकटीवर दुमडून चुका मारल्या होत्या तिथे, तीन बोटांची एक पट्टी अशी निघाली की तिने कधी ऊन पाहिलेच नव्हते. तिचा रंग पिकलेल्या करवंदाच्या रसासारखा. एकाच मोटारीत तीन रंग, आणि तिन्ही खरे. मोटार कारखान्यातून निघाली तेव्हाचा खरा, की नानांनी वीस वर्षे वापरली तेव्हाचा खरा, की आज डोळ्यांसमोर आहे तो खरा? दाजी म्हणाले, पट्टीचा द्या. नाना नेहमी सांगत, घेतली तेव्हा आत बसल्यावर डाळिंबात बसल्यासारखे वाटायचे.

उस्तादांनी तांबडा, काळा, थोडा पिवळा आणि सुईच्या टोकाएवढा निळा असे मिसळून थेंब थेंब पट्टीशेजारी लावून पाहिले. ओला रंग वेगळा दिसतो, वाळल्यावर गडद होतो, म्हणून प्रत्येक थेंब अक्काच्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवून मग ताडायचा. असे त्यांनी किती थेंब लावले ते मी मोजणे सोडून दिले. एका संध्याकाळी ट्यूबलाइटखाली थेंब पट्टीत इतका बेमालूम मिसळला की मला तो शोधावा लागला. मी वाहवा केली. सकाळी उजेडात पाहतो तो तोच थेंब जांभळट. उस्तादांना त्याचे आश्चर्य नव्हते. “रात का मिलान, मिलान नहीं,” एवढेच म्हणाले, आणि डबा पुन्हा उघडला. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला नंतर याचे कारण समजावले. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांतून घडवलेले असले की एका दिव्याखाली ते सारखे दिसतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. डोळ्याला सारखे दिसणे आणि सारखे असणे या दोन गोष्टी आहेत. माझ्या मनात आले, हे बाईंनी विज्ञानाच्या तासाला शिकवावे की मी नीतिशिक्षणाच्या?

पुढच्या बैठकांबद्दल वाद नव्हता. वाद निघाला मागच्या बैठकीवरून.

मागच्या बैठकीवर डाव्या बाजूला ताटाएवढा एक पांढुरका डाग होता. तिथले कातडे इतर जागेपेक्षा कडक. आणि दाराकडच्या कडेला शिवणीवरून जी गोल दोरीसारखी गोट फिरवलेली असते, ती वीतभर उसवून लोंबत होती. हे कशाचे आहे ते घरात सर्वांना माहीत होते, मलाही अक्काकडून तुटकपणे कळलेले होते. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला तेव्हा नाना टी.टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. कमला पार्कच्या रस्त्याने जुन्या शहरातून माणसांचा लोंढा नव्या भोपाळकडे येऊ लागला. नानांनी ऑस्टिन काढली, बावीस वर्षांच्या दाजींना बरोबर घेतले, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसांना उचलून हमीदिया रुग्णालयात पोहोचवले. चार फेऱ्या केल्या. तो डाग त्या रात्रीचा.

दाजींनी उस्तादांना सांगितले, मागचीही पुढच्यासारखीच करा. काही दिसता कामा नये.

मला ते पटले नाही, आणि मास्तरकीच्या सवयीने मी बोललो. म्हटले, दाजी, बाकी सगळी मोटार रंगवा, पण एवढी जागा राहू द्या. गळालेला भाग भरताना तो मूळ भागात शोभला पाहिजे, पण पाहणाऱ्याला वेगळा ओळखता आला पाहिजे, असे १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत लिहिले आहे. इटलीत चेझारे ब्रांदी नावाच्या पंडिताच्या प्रभावाखाली जुन्या भित्तिचित्रांतली गळालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरू लागले. लांबून चित्र अखंड दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात. म्हणजे डोळ्याचे समाधान होते आणि फसवणूकही होत नाही. आणि लांब कशाला जायचे, आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा नियम तोच आहे. चुकीची नोंद वाचता येईल अशी एका रेघेने खोडायची, वर लाल शाईने दुरुस्ती करायची, शेजारी हुकमाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकाची सही. ब्लेड लावायचे नाही, पांढरी शाई लावायची नाही. दर जूनमध्ये मी हे कारकुनांना सांगतो.

दाजींनी ऐकून घेतले. ते शांत गृहस्थ आहेत. म्हणाले, “उद्या सांचीला जाऊ या, हेडमास्तर. तुम्हाला दगड आवडतात.”

सांची भोपाळपासून पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. आम्ही टॅक्सीने गेलो. मराठी माणसाला तिथे दक्षिण तोरणापाशी थांबावेच लागते, कारण त्यावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद याने दान दिल्याचा लेख आहे, आणि तिथलेच कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी केल्याचाही. हे तोरण पडले होते. १८८२-८३ च्या सुमारास मेजर कोल यांनी ते पुन्हा उभे केले. पण उभे करताना सर्वांत वरची आणि सर्वांत खालची अशा दोन आडव्या तुळया उलट्या बसल्या. पुढची बाजू मागे गेली. नंतर १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी सांचीचा जीर्णोद्धार केला, पण त्या तुळया तशाच राहिल्या. मी दाजींना म्हटले, पाहा, कोलसाहेबांची चूकसुद्धा आता इतिहासाचा भाग झाली. दाजी म्हणाले, “झाली असेल. पण ही तोरणे पडली तेव्हा खाली कोण होतं ते आपल्याला माहीत नाही. म्हणून आपण इथे उभं राहून गप्पा मारू शकतो.”

परतताना त्यांनी आपण होऊन सांगितले. चाळीस वर्षांत अक्कालाही त्यांनी सगळे सांगितले नव्हते. तिसऱ्या फेरीला एक बाई आणि तिचा चार-पाच वर्षांचा मुलगा मागे होते. बाई ओकत होती. मुलगा दाराशी होता आणि त्याने बैठकीची कड मुठीत धरली होती. रुग्णालयापाशी पोहोचल्यावर ती मूठ सोडवावी लागली. सोडवण्याचे काम दाजींनी केले, कारण नाना बाईला उचलत होते. गोट तेव्हा उसवली.

“तुम्हाला ती खूण वाटते,” दाजी म्हणाले. “मी त्या सीटवर परत बसलेलो नाही. लग्नानंतर आम्ही पचमढीला गेलो तेव्हासुद्धा नाही. तुमच्या अक्काला वाटायचं, मला गाडी चालवायचा सोस आहे.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. एरवी मला शब्द कमी पडत नाहीत.

रात्री झोप लागेना. मिलिंदपञ्ह ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला त्याच्याच रथावरून विचारतो : दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. एम.ए.ला असताना ही गोष्ट मला फार चतुर वाटली होती. पण नागसेनाच्या रथात कुणी बसलेले नाही. रथातल्या एका बैठकीवर राजाला बसवत नसते, तर प्रश्नोत्तरे कशी पुढे गेली असती? मी जे सांगत होतो ते पाहुण्याचे तत्त्वज्ञान होते. खूण राखायची कुणी, आणि तिच्याकडे रोज पाहायचे कुणी? व्हेनिसच्या सनदेत देवळांचा, चित्रांचा विचार आहे. ज्याच्या हाताने ती मूठ सोडवली त्याचा नाही. दुसरीकडे हेही खरे की भोपाळमध्ये सगळ्यांनीच आपापला डाग रंगवून टाकला तर पुढच्यांना काय दिसणार? २०२५ च्या जानेवारीत कारखान्याच्या आवारातला ३३७ टन कचरा भोपाळहून पीथमपूरला हलवला गेला, तर पीथमपूरच्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. डाग निघाला की त्याची नुसती जागा बदलली, हे विचारायचा हक्क लोकांना आहेच. पण तो हक्क कारखान्यापुढे चालवायचा की दाजींच्या पोर्चमध्ये?

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी मागची बैठक बाजेवर घेतली. डागावर अंगठा दाबला. मग लोंबती गोट बोटांत धरून जरा वेळ थांबले, आणि दाजींकडे न पाहता विचारले, “चौरासी?” दाजींनी मान हलवली. त्या वयाच्या भोपाळच्या माणसांत याहून जास्त बोलायची गरज पडत नसावी. उस्ताद कुठे होते, त्यांच्या घरचे कुठे होते, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

मग त्यांनी जे सांगितले त्याने माझ्या व्याख्यानाचा पायाच काढून घेतला. हा डाग ओकारीचा नाही, ते म्हणाले. ओकारी रंगाच्या थरावरून पुसून निघते. हे कुणीतरी फिनेल ओतून तासन्‌तास घासले आहे. घासून घासून रंग गेला, तेल गेले, म्हणून कातडे असे पांढरे आणि कडक झाले.

अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, तिच्या सासूबाई सांगत, त्या आठवड्यात नाना रोज पहाटे उठून मोटार धूत.

म्हणजे मी ज्याला त्या रात्रीची खूण म्हणत होतो, जपा म्हणत होतो, ती पुसण्याची खूण होती. नानांनी आपल्या हाताने जे घालवायचा प्रयत्न केला तेच मी ‘मूळ’ म्हणून राखायला निघालो होतो. मला हसू आले नाही, पण लाज मात्र वाटली. आणि त्या पांढुरक्या जागेकडे पाहता पाहता मला दुसरीच एक जागा आठवली, जिच्याबद्दल मी आजवर कुणाला बोललेलो नाही.

१९९१ साली मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. शाळेचे नाव सांगत नाही. दहावीचे फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी मला आत बोलावले. एका मुलाचे वडील हात जोडून उभे होते. रोजावर जाणारा माणूस. मुलाला दहावीनंतर लष्करात घालायचे होते आणि वयात एक वर्ष कमी पडत होते. मुख्याध्यापक कनवाळू होते. माझे अक्षर चांगले, आणि जुन्या नोंदीच्या अक्षराशी मिळतेजुळते, म्हणून काम माझ्याकडे आले. १९७६ चे १९७५ करायचे. आकडा सोपा होता. पण रजिस्टरात तारीख अक्षरीही लिहिलेली असते. ‘शहात्तर’ ब्लेडने हलके हलके खरवडले, नखाने कागद गुळगुळीत केला, शाई पसरू नये म्हणून खडूची पूड चोळली. नवी शाई फार तुकतुकीत दिसत होती. म्हणून मी ती उघड्या टोपणात दोन दिवस खिडकीत ठेवली, तिच्यात चहाचे दोन थेंब घातले, आणि रद्दी कागदावर लिहून लिहून जुन्या नोंदीशी ताडत बसलो. उस्तादांसारखाच. शेवटी असा बेमालूम जमला रंग की मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

मुलाला कुणी विचारले नाही. त्या घरात वाढदिवस करायची रीत नव्हती. फॉर्मवर जी तारीख आली ती त्याने आपली मानली. तो मराठा रेजिमेंटमध्ये गेला, चांगली नोकरी करून परत आला, आता एका बँकेत पहारेकरी आहे. घर बांधले, मुली शिकल्या. मी कुणाचे वाईट केले असे इतकी वर्षे मला वाटले नाही. कागदोपत्री एक वर्ष आधी निवृत्त होईल एवढेच. त्याच्या बदल्यात जन्माची भाकरी मिळाली. हा हिशेब मी स्वतःला अनेकदा करून दाखवला आहे, आणि तो चुकीचा आहे असे आजही म्हणवत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी त्याची आई वारली. दिवस झाल्यावर तो भेटायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, “शेवटी शेवटी आईचं डोकं चालत नव्हतं, सर. सारखी म्हणायची, तू आणीबाणीत झालास, तू पाळण्यात होतास आणि तुझे बाबा नसबंदीवाल्यांच्या भीतीनं रानात झोपायला जायचे. माझा जन्म मार्च पंच्याहत्तरचा. आणीबाणी आली जूनमध्ये. मी तिला कागद दाखवला, तर रुसली.”

मी चहा ढवळत राहिलो.

दाजींचे आणि माझे काम वरवर एकच आहे : एक जागा पुसायची आणि रंग असा जुळवायचा की कुणाला कळू नये. पण दाजी ते करतात ते सगळे ठाऊक असताना, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यादेखत. त्या रंगाखाली काय आहे ते त्यांना विसरता येणार नाही. त्यांना फक्त बसता यायला हवे आहे. मी रंग जुळवला तो ज्याची तारीख होती त्याच्यापासून लपवून, आणि जिने ती सांगितली होती तिच्यापासून लपवून. तिचे खरे बोलणे माझ्या सुंदर अक्षराने भ्रम ठरले. दयेने केले होते म्हणून ते कमी होते का? मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसल्यावर मीही आता तसे बाप पाहतो, आणि हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला नियम वाचून दाखवणे किती अवघड असते ते मला कळते. त्या दिवशी काय करायला हवे होते याचे उत्तर मला आजही छातीठोकपणे देता येत नाही. पण नंतरच्या चौतीस वर्षांत बोलायला काय हरकत होती, याला तर उत्तरच नाही.

मी निघालो तोवर पुढच्या बैठका झाल्या होत्या. वारा सुटायच्या आत, सकाळी सकाळी, उस्ताद फवाऱ्याने एक एक पातळ थर देत. असे पाच थर आणि वर चकाकी मारणारा एक. खालच्या तीन बोटांच्या पट्टीला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिला कागद चिकटवून झाकले आणि शेवटी कागद काढला. ती कधीच रंगवायची नसते, ते म्हणाले. पुढे कधी कुणाला रंग जुळवायचा झाला तर त्याने पाहायचे कुठे?

श्रावणात अक्काचा फोन आला. मागची बैठकही झाली. डाग भरून रंगवला. आता शोधूनही दिसत नाही. गोट मात्र दाजींनी नवी लावू दिली नाही, जुनीच पुन्हा शिवून घेतली. ताणलेली असल्यामुळे ती तिथे जराशी वाकडी बसली आहे. मला हा तोडगा पूर्ण पटला असे नाही, पण मला पटण्याचा प्रश्नच नव्हता. मी विचारले, दाजी मागे बसले का? अक्का म्हणाली, अजून नाही. नातवंडे बसतात.

त्यानंतर एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी जुन्या शाळेत गेलो. तिथले मुख्याध्यापक माझे स्नेही आहेत. काही निमित्त सांगून मी ते रजिस्टर मागून घेतले आणि पान उघडले. शाईचा रंग आजही जुळलेला आहे. इतक्या वर्षांत दोन्ही शाया सारख्याच विटल्या. मग मी पान उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरले. जिथे ब्लेड फिरले होते तिथे कागद पातळ होता, आणि तेवढ्याच लांबीचा उजेड आरपार आला.

तो मुलगा, आता पन्नाशीला आलेला, दरवर्षी पाडव्याला फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे येतो. हा अंकही दरवर्षी त्याच्या घरी पोस्टाने जातो. यंदा मी तो स्वतः नेऊन देणार आहे, पाडव्याच्या आधी.